नेमणूकपत्र हातात नसताना नोकरीवर रुजू होताना

"सोमवारपासून या, लेटर नंतर देऊ" हे वाक्य महाराष्ट्रातल्या नोकरीच्या बाजारात इतके सरावाचे झाले आहे की ते ऐकून आता कोणी दचकत नाही. चाकण किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला लघुउद्योग असो, लातूरमधला खासगी शिकवणी वर्ग असो, ठाण्यातले सनदी लेखापालाचे कार्यालय असो की नाशिकमधले रुग्णालय असो, मुलाखत संपते, पगाराचा आकडा तोंडी ठरतो आणि उमेदवार जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन मोकळा होतो. बहुतेक वेळा पुढे काही बिघडत नाही. जेव्हा बिघडते, तेव्हा मात्र वाद जवळजवळ ठरलेल्याच तीन गोष्टींवर येतो: पगार नेमका किती ठरला होता, कामाला सुरुवात कोणत्या तारखेला झाली, आणि कायद्याच्या दृष्टीने मालक कोण.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांना तोंडी होकार मिळाला आहे पण ज्यांनी अजून जुनी नोकरी सोडलेली नाही. आणि दुसरे, जे पत्राविना कामावर जाऊ लागले आहेत. दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे. पत्र कधी येईल हे आपल्या हातात नसते, पण ठरलेल्या गोष्टी लेखी नोंदवून ठेवणे पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि ती नोंद वाद होण्याच्या कितीतरी आधी, सगळे गोडीगुलाबीचे असतानाच करायची असते.

पत्र नसले तरी करार असतो

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, एखाद्या विशिष्ट कायद्याने लेखी स्वरूपाची सक्ती केलेली नसेल तर तोंडी करारही वैध असतो. म्हणूनच "तुमच्याकडे लेटरच नाही, म्हणजे तुम्ही आमचे कर्मचारीच नाही" हा युक्तिवाद कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. तुम्ही काम केले, त्याचा मोबदला ठरला होता आणि काम समोरच्याने करवून घेतले, एवढे सिद्ध झाले की नोकरीचे नाते सिद्ध होते. अडचण वैधतेची नसून पुराव्याची आहे.

मालकावरची जबाबदारीही आता स्पष्ट आहे. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे, आणि आधीपासून पत्राविना काम करणाऱ्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते द्यावे, अशीही तरतूद आहे. ही संहिता साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि तिच्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत यंत्रावरचा कामगार जसा येतो तसाच पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही येतो. त्यामुळे पत्र मागणारा उमेदवार अविश्वास दाखवत नसतो; कायद्याने जे द्यायलाच हवे तेच तो मागत असतो.

दहापेक्षा कमी माणसांचे दुकान किंवा कार्यालय असेल तर पत्राची ही तरतूद लागू होत नाही. तरीही वेतन संहिता, २०१९ माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणे आणि पगारपत्रक देणे ही त्या संहितेतील बंधने लहान मालकावरही आहेत.

राजीनामा देण्याआधी

ऑफर लेटर आणि नेमणूकपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यात नोकरी देऊ केलेली असते, दुसऱ्यात नेमणूक झालेली असते आणि सेवाशर्ती सविस्तर असतात. जुनी नोकरी सोडण्याचा निर्णय घेण्यापुरता पहिला कागद पुरेसा आहे, आणि तोही लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह असायलाच हवा असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आलेले "होय, आपण लिहिलेले बरोबर आहे" हे एक ओळीचे उत्तरसुद्धा मोलाचे असते. अनेकजण लेटरहेडची वाट पाहत बसतात आणि जो कागद पाच मिनिटांत मिळाला असता तो मागायचेच विसरतात.

मागायचे कसे, हा संकोचाचा भाग. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून लिहून द्या" असा सूर लागू नये, आणि लाजेखातर गप्पही राहू नये. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पत्र न मागता, झालेल्या बोलण्याची नोंद आपणच पाठवणे. मजकूर साधारण असा असावा:

"आदरणीय मॅडम, दिनांक … रोजी आपल्या कार्यालयात झालेल्या चर्चेनुसार … या पदावर, … येथील कार्यालयात, दिनांक … पासून रुजू होण्यास मी तयार आहे. चर्चेत ठरल्याप्रमाणे एकूण मासिक वेतन रुपये … असून, परिवीक्षा कालावधी … महिने आणि नोटिशीचा कालावधी … दिवस आहे. सध्याच्या ठिकाणी मला दिनांक … रोजी राजीनामा द्यावयाचा असल्याने वरील तपशील बरोबर असल्याचे कृपया या मेलला उत्तर देऊन कळवावे. काही बदल असल्यास तोही नमूद करावा. नेमणूकपत्र कधीपर्यंत मिळू शकेल, हेही कळल्यास आभारी राहीन."

या मजकुरात शेवटून तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. उत्तर का हवे याचे खरे आणि कोणालाही पटणारे कारण त्यात आहे, आणि तुम्ही समोरच्याच्या शब्दावर विसंबून नोकरी सोडत आहात हेही त्यातून नोंदले जाते.

पगाराचा आकडा लिहिताना मात्र फार काळजी घ्यावी, कारण तोंडी बोलण्यात "सहा लाख" म्हणजे काय हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने समजतो. समजा, वार्षिक सहा लाख ही सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. महिन्याला पन्नास हजार झाले. त्यात मूळ वेतन पंचवीस हजार धरले, तर मालकाच्या वाट्याचा बारा टक्के भविष्य निर्वाह निधी म्हणजे ३,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी धरली जाणारी ४.८१ टक्क्यांची तरतूद म्हणजे सुमारे १,२०० रुपये याच पन्नास हजारांत मोजलेले असतात. उरले ४५,८०० रुपये. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला की हातात ४२,६०० रुपये येतात. आरोग्य विम्याचा हप्ता किंवा वर्षअखेरीस कामगिरीवर मिळणारी रक्कमही सीटीसीत धरलेली असेल, तर दरमहा हाती येणारा आकडा आणखी खाली जातो. यात फसवणूक असतेच असे नाही. पण "पन्नास हजार ठरले होते" आणि "बेचाळीस हजार आले" यांतला झगडा टाळायचा असेल तर मेलमध्ये सीटीसी, एकूण मासिक वेतन आणि कपातीनंतर हाती येणारी रक्कम, यांपैकी आपण कोणता आकडा लिहीत आहोत ते स्पष्ट लिहावे. तिन्ही लिहिले तर उत्तमच.

दुसरा दुर्लक्षित मुद्दा म्हणजे मालक कोण. एकाच इमारतीत, एकाच शेठच्या तीन-चार संस्था असतात. मुलाखत एका नावाने होते, पगार दुसऱ्या नावाने येतो आणि पाटी तिसऱ्याच नावाची असते. कारखान्यात तर मुलाखत कंपनीचे साहेब घेतात आणि नेमणूक ठेकेदाराकडून होते. म्हणून "माझी नेमणूक नेमकी कोणत्या संस्थेच्या नावे होईल?" हा प्रश्न थेट विचारावा आणि उत्तर मेलमध्ये लिहावे. नाव कळले की ते तपासताही येते. कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद दिसते, जीएसटी क्रमांकावरून व्यवसायाचे नाव आणि पत्ता पडताळता येतो, आणि भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचा शोध घेतल्यास निधीचा भरणा होतो आहे का, याचाही अंदाज येतो. पगारातून पीएफ कापण्याच्या गप्पा मारणाऱ्या संस्थेचे नाव तिथे सापडलेच नाही, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

मेल पाठवल्यावर काय होते, त्यावरून पुष्कळ कळते. सही करणारे संचालक परगावी आहेत, पत्र आठ-दहा दिवसांत निघेल, तोवर हा मेल ग्राह्य धरा, असे उत्तर आले तर काळजीचे कारण नाही. मोठ्या संस्थांतही असे विलंब होतात. "आमच्याकडे लेटर द्यायची पद्धत नाही" असे उत्तर आले, पण पगार आणि तारीख लेखी मान्य केली, तर धोका आहे, मात्र तो मोजता येण्यासारखा आहे. दोन ओळींच्या मेलला फोनवरूनच उत्तर मिळते आणि लेखी होकार द्यायचे पुन्हा पुन्हा टाळले जाते, तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. सध्या हाताला काम नसेल तर गणित वेगळे असते, कारण गमावण्यासारखे कमी असते. अशा वेळी रुजू व्हायला हरकत नाही, फक्त पुढे सांगितलेल्या नोंदी अधिक काटेकोरपणे ठेवाव्यात.

काही गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. शैक्षणिक प्रमाणपत्रे मूळ स्वरूपात ठेवून घेण्याची प्रथा रुग्णालये, महाविद्यालये आणि काही लहान कंपन्यांत आढळते. दाखवायला मूळ प्रती न्याव्यात, द्यायला साक्षांकित प्रती द्याव्यात. सही केलेला कोरा धनादेश तर मुळीच देऊ नये. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार सही करून दिलेला अपुरा दस्तऐवज भरण्याचा अधिकार धारकाला मिळतो, आणि तो न वटल्यास फौजदारी खटल्याला तोंड द्यावे लागू शकते. कोऱ्या मुद्रांक कागदावर सही करण्याबाबतही हेच. नोकरी देण्यासाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपचे पैसे आधी भरायला सांगितले, तर ती नोकरी नसून फसवणूक असण्याची शक्यता मोठी आहे. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

पहिल्या दिवशी रुजू अहवाल

सरकारी कर्मचाऱ्याला रुजू अहवाल नवा नाही. बदली असो की नवी नेमणूक, हजर झाल्याच्या दिवशी तो लेखी अहवाल देतो आणि त्याची सेवा त्या तारखेपासून मोजली जाते. खासगी क्षेत्राने ही पद्धत उचलली नाही, पण ती उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. पत्र मिळाले नसेल तर रुजू अहवाल ही पहिल्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची कृती आहे, आणि तो दोन-चार ओळींचा असला तरी चालतो:

"प्रति, व्यवस्थापक, … . विषय: दिनांक … पासून कामावर रुजू झाल्याबाबत. महोदय, दिनांक … रोजीच्या चर्चेनुसार आणि त्यानंतरच्या ईमेलनुसार मी आज दिनांक … रोजी सकाळी … वाजता … या पदावर … येथे रुजू झालो/झाले आहे. मासिक वेतन रुपये … ठरले आहे. सोबत ओळखपत्राची आणि शैक्षणिक प्रमाणपत्रांची प्रत, तसेच बँक खात्याचा तपशील जोडला आहे. नेमणूकपत्र आपल्या सोयीनुसार लवकर मिळावे, ही विनंती. आपला/आपली नम्र, … ."

दोन प्रती काढाव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर 'मिळाले' असे लिहून तारीख, सही आणि शक्य असल्यास शिक्का घ्यावा. कार्यालयात आवक-जावक नोंदवही असेल तर आवक क्रमांकही टिपून घ्यावा. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर आग्रह धरून पहिल्याच दिवशी वातावरण बिघडवण्यात अर्थ नाही. तोच मजकूर आपल्या वैयक्तिक ईमेलवरून कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठवावा. वैयक्तिक ईमेलवरून हे मुद्दाम सांगावे लागते, कारण कंपनीने दिलेले खाते नोकरी संपल्याच्या दिवशी बंद होते आणि त्यातला सगळा पत्रव्यवहार आपल्या हातातून जातो.

रुजू होण्याची तारीख इतकी का जपायची, तर तिच्यावर पुढचे अनेक हक्क अवलंबून असतात. प्रसूती लाभासाठी, अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते, तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळू शकते. अनेक ठिकाणी तीन महिने 'बघून' मग पत्र दिले जाते आणि त्या पत्रावर तीन महिन्यांनंतरची तारीख असते. हे तीन महिने सेवेतून गायब होतात. कामावर अपघात झाला तर तो माणूस त्या दिवशी नोकरीत होता का, हाच पहिला प्रश्न असतो.

पहिल्या महिन्यातल्या नोंदी

पुरावा गोळा करणे म्हणजे हेरगिरी नव्हे. कंपनीची गोपनीय कागदपत्रे, ग्राहकांच्या याद्या किंवा हिशेब स्वतःकडे उतरवून घेऊ नयेत. तसे केल्यास बाजू आपल्यावरच उलटते. आपल्या नोकरीशी संबंधित नोंदी तेवढ्या जपाव्यात: ओळखपत्र, हजेरीच्या ॲपवरची आपली नोंद, रजेचा अर्ज आणि त्यावरचे उत्तर, काम सोपवणारे वरिष्ठांचे संदेश, गणवेश किंवा साहित्य मिळाल्याची पावती. व्हॉट्सॲपवरचे संदेश न्यायालयात पुरावा होऊ शकतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर न थांबता मूळ संदेश फोनमध्ये राहू द्यावेत आणि फोन बदलताना त्यांची प्रत घ्यावी.

पगार बँकेत जमा होईल असा आग्रह धरावा. खातेउताऱ्यावर दरमहा ठरावीक सुमारास एकाच नावाने आलेली रक्कम हा नोकरीचा फार भक्कम पुरावा असतो आणि तो मालकाला पुसता येत नाही. रोखीनेच पगार मिळत असेल, विशेषतः दुकानात किंवा दवाखान्यात, तर एक साधी वही करावी: महिना, कामाचे दिवस, खाडे, उचल घेतली असल्यास ती, आणि मिळालेली रक्कम, प्रत्येक महिन्याच्या नोंदीखाली देणाऱ्याची सही घ्यावी. खाड्यांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तो हिशेब वहीत उतरवला आणि खाली सही घेतली की त्याला वजन येते.

पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांच्या नोंदी मालकाच्या कार्यालयाबाहेर, सरकारी यंत्रणेत राहतात, म्हणून त्या विशेष उपयोगाच्या. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीची योजना लागू होते आणि वर्गणी रुजू झाल्याच्या दिवसापासून देय असते, 'कायम' झाल्यापासून नव्हे. बारा अंकी यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायम क्रमांक, सुरू असेल तर उमंग ॲपवर पासबुक पाहता येते. पहिल्या दोन महिन्यांत तिथे नव्या संस्थेचे नाव उमटले नाही, तर लेखी विचारणा करावी. कर्मचारी राज्य विमा योजना दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू आहे. तिच्यात कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ई-पहचान कार्डावर मालकाचा तपशील असतो. नेमणूकपत्र नसलेल्या माणसाकडे हे कार्ड असले, तर 'हा आमचा माणूस नव्हे' म्हणणे मालकाला जड जाते.

'कन्सल्टंट' होऊन बसण्याचा धोका

पत्र नसल्यामुळे होणारा एक घोटाळा सहा-आठ महिन्यांनी लक्षात येतो. मुलाखतीत नोकरी म्हणून बोलणे झालेले असते, वेळ ठरलेली असते, वरिष्ठ रजा मंजूर-नामंजूर करतात. पण हिशेबखाते तुमची नोंद सल्लागार म्हणून करते, दरमहा व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के करकपात होते, पीएफ नसतो आणि भरपगारी रजा नसते. वर्षअखेरीस पगारदारांना मिळणारे करकपातीचे प्रमाणपत्र तुम्हाला मिळत नाही. हे लवकर कळण्याचा उपाय म्हणजे आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण पहिल्या तिमाहीनंतर उघडून पाहणे. आलेली रक्कम वेतन म्हणून दिसते की शुल्क म्हणून, हे तिथे कळते. शुल्क म्हणून दिसत असेल आणि तुम्ही त्याला कधीच होकार दिलेला नसेल, तर त्याच आठवड्यात लिहून हरकत नोंदवावी, कारण महिनोन्‌महिने गप्प राहिल्यास ती मूक संमती मानली जाण्याचा धोका असतो. खरोखर स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करणे काहींना सोयीचे असते, पण मग शुल्काचा दरही त्या हिशेबाने वाढवून मागायला हवा.

पत्र आल्यावर लगेच सही करू नये

इतके दिवस वाट पाहिलेले पत्र हातात आले की माणूस शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो. खरे तर सर्वांत शांतपणे वाचायची वेळ हीच. लेखी करार झाल्यावर त्यातील शर्तींच्या विरुद्ध जाणारी तोंडी बोलणी पुराव्यात सहसा ग्राह्य धरली जात नाहीत, असे साक्ष कायद्याचे तत्त्व आहे. म्हणजे मुलाखतीत कबूल केलेले घरभाडे, शनिवारची सुट्टी किंवा सहा महिन्यांनी होणारी पगारवाढ पत्रात नसेल आणि तुम्ही सही केली, तर ती आश्वासने जवळपास संपली. पत्र घरी नेऊन, पहिल्या मेलशेजारी ठेवून वाचण्यासाठी एक दिवस मागावा. तेवढाही वेळ द्यायला कोणी तयार नसेल तर 'प्रत मिळाली' एवढेच लिहून सही करावी, 'सर्व शर्ती मान्य' असे लिहू नये.

पत्रावर मागची तारीख असेल, तर आपल्या सहीखाली आपण प्रत्यक्ष सही केल्याची तारीख घालावी. रुजू होण्याची तारीख चुकली असेल तर दुरुस्ती मागावी. परिवीक्षा पत्राच्या तारखेपासून धरली आहे की रुजू झाल्यापासून, नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा आहे का, बदली कुठेही करता येईल असे लिहिले आहे का, हे पाहावे. पानांवर क्रमांक असावेत आणि सही केलेली एक प्रत आपल्याला मिळायलाच हवी. हे इतके साधे आहे, तरी अनेकांकडे स्वतःच्याच नेमणूकपत्राची प्रत नसते.

बाँडचे कलम आढळले तर थबकावे. "बाँड कोर्टात टिकत नाही" हा सार्वत्रिक समज आता सोडून द्यायला हवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण जाहिरात देऊन स्पर्धेतून भरती करणाऱ्या सार्वजनिक बँकेचे होते, त्यामुळे प्रत्येक खासगी मालकाला तोच न्याय लागू होईल असे नाही. अवाच्या सवा दंडाची रक्कम अजूनही आव्हानाला पात्र असते. उलट, नोकरी सोडल्यावर इतक्या वर्षांत दुसऱ्या तत्सम संस्थेत काम करायचे नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण रुजू होऊन महिने उलटल्यावर आलेल्या पत्रात, आधी कधीच न बोललेला बाँड घुसवला असेल, तर सही करण्यापूर्वी पहिल्या मेलचा हवाला देऊन हे कलम काढायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

काही वेगळी ठिकाणे

खासगी शाळांतील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा स्वतंत्र कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. नियमावलीच्या अनुसूची 'ड' मधील नमुन्यात नेमणूक आदेश देणे आणि तो मिळाल्याची पोच घेणे तिथे अपेक्षित आहे. "संस्थाचालकांनी शब्द दिला आहे" यावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शिक्षकांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि त्यांनीच हा आदेश सर्वांत आधी मागायला हवा, कारण शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता असो की शाळा न्यायाधिकरणापुढचे अपील असो, सगळ्याच्या मुळाशी तो कागद असतो. सेवासमाप्तीविरुद्ध अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याने ठेकेदार संस्थेचे पूर्ण नाव, तिचा पीएफ क्रमांक आणि मूळ कंपनीच्या प्रवेशद्वारावर मिळालेला पास यांच्या प्रती ठेवाव्यात. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण त्यासाठी आपण त्या आवारात काम केले हे दाखवावे लागते.

महिलांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्या मुद्दाम व्यापक केलेली आहे. नेमणुकीच्या शर्ती स्पष्ट असोत वा गर्भित, वेतन मिळत असो वा नसो, प्रशिक्षणार्थी आणि परिवीक्षाधीन व्यक्तीलाही संरक्षण आहे. पत्र नाही म्हणून अंतर्गत समिती तक्रार नाकारू शकत नाही.

वाद झालाच तर

पगार थकला किंवा "उद्यापासून येऊ नका" असे सांगितले गेले, तर पहिले काम म्हणजे लेखी मागणी. त्यात रुजू झाल्याची तारीख, ठरलेला पगार, मिळालेली आणि थकलेली रक्कम एवढेच असावे; राग, आरोप आणि धमक्या त्यात नसाव्यात. ती ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवावी आणि पावती जपावी. वेतन संहितेनुसार कामावरून काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते, याचा उल्लेख करावा.

प्रतिसाद आला नाही तर जिल्ह्यातील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. मुंबईत कामगार आयुक्तांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. आपला दावा कोणत्या प्राधिकाऱ्याकडे दाखल होईल हे तिथे समजते. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि दावा दाखल झाल्यावर पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. मात्र आपण तिथे काम करत होतो हे प्रथमदर्शनी दाखवण्याचा भार कामगारावरच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आर. एम. यल्लत्ती प्रकरणात ही कोंडी नेमकी ओळखली होती: रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते, म्हणून तो मालकाला हजेरीपट आणि वेतनपट हजर करायला सांगू शकतो, आणि ते हजर न केल्यास प्रतिकूल निष्कर्ष काढायचा की नाही हे त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते. म्हणजे मालकाचे दप्तर मागता येते, पण केवळ त्याच्या भरवशावर राहता येत नाही. वही, खातेउतारा आणि तो पहिला मेल इथे कामाला येतो.

पीएफची तक्रार स्वतंत्रपणे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर करता येते आणि तिथे बहुधा लवकर हालचाल होते. व्यवस्थापक पदावरील व्यक्ती, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. सेवासमाप्तीच्या वादासाठी त्यांना बहुधा दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो, पण वेतन संहितेखालील पगाराचा हक्क त्यांनाही आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आणि नोकरी आपणहून सोडत असाल, तरी राजीनाम्याची पोच, कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र शेवटच्या दिवसाच्या आत मागून घ्यावे. ज्याने नेमणूकपत्र दिले नाही तो अनुभव प्रमाणपत्र देताना खळखळ करील, हे गृहीत धरावे. अशा वेळी यूएएनच्या सेवा नोंदीतील रुजू होण्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख पुढच्या मालकाला दाखवता येते. मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरण्याची सोय सदस्य संकेतस्थळावर आहे.